नळीत पाणी मी ओतलं नाही

तापलेल्या रायफलीच्या नळीत पाणी ओतत नसतात. हे मले कोणी शिकवलं नाही. तापल्या तव्यावर पाणी टाकलं तर तवा काय करते, ते ज्यानं एकदा पाह्यलं त्याले हे समजते. तरी आमच्या भागात आज कोणालेही विचारा, की चांदमारीवर नळीत पाणी ओतून रायफल कोणी खराब केली, तर तो माह्या घराकडंच बोट दाखवते. सहा वर्षं झाली, मी काही बोललो नाही. आता लिहून राह्यलो. माही शाळा तिसरीपर्यंत. अक्षर मोठं येते अन् ओळ खाली घसरते, पण जे लिहतो ते माह्या डोळ्यांनी पाह्यलेलं आहे.

आमचा तांडा फुलसावंगीच्या बाजारापासून बैलगाडीनं दीड-दोन घंट्यांच्या वाटेवर. तांड्याच्या मागं एक बोडकी टेकडी आहे. तिच्या पोटाशी चांदमारी, म्हणजे बंदुकीनं निशाणा मारायचं मैदान. कोणत्या खात्याचं, ते लिहत नाही. दरवर्षी कापूस निघाला की तिथं तंबू लागत, नव्या भरतीचे शिपाई येत, अन् वीसेक दिवस टेकडी दणदण वाजत राहे. तांड्यातल्या कुत्र्यांलेही सवय होऊन गेलती. माही तिथं पाण्याची गाडी होती. नाल्याच्या विहिरीवरून ड्रम भरायचा, बैल हाकायचे, तंबूवर रिकामा करायचा. शेत माहं घरचं आहे, कपाशी आहे, तूर आहे. पोटासाठी मी तिथं जात नव्हतो. मले ते काम आवडे. का आवडे ते सांगतो.

पहिल्या वर्षी सुरवातीले मी नुसतं पाणी वाहलं. रायफली दहा अन् शिपाई साठ. दहा जणांच्या टोळीनं गोळ्या मारल्या की त्याच रायफली दुसऱ्या टोळीच्या हाती. चौथ्या टोळीपर्यंत नळी अशी तापे, की तिच्यावरची हवा वीटभट्टीवरच्या हवेसारखी लहरे. नळीच्या टोकावर एक बारकी माशी असते, तिच्यावरून नेम धरतात. ती माशीच नाचताना दिसे. सकाळी एका जागी पाच भोकं पाडणारा शिपाई दुपारी कागदभर गोळ्या पांगवे. मग उस्ताद त्याच्यावर वरडे. उस्ताद म्हणजे निशाणा शिकवणारा. उंच, मिशा कातरलेल्या, आवाज असा की टेकडीवरून परत ये. माह्याहून दहा-बारा वर्षांनी लहान.

एक दिवस त्यानं घाईघाईत रायफल उचलली, ती नेमकी नळीले धरून. पंजा भाजला. घोड्यासारखा नाचला तो. माही घरवाली त्याच येळी माही भाकर घेऊन आलती. ती बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर पळाली, कोरफडीचं पान तोडून आणलं, सोललं, अन् ओळख ना पाळख, त्याचा हात ओढून त्यावर गर थापला.

"भाऊ, हात हालवू नको."

"ताई, लय जळते हो."

"जळन नाई त काय! तापलेल्या लोखंडाचा कोणी मुका घेते काय?"

साठ शिपाई हसले. उस्तादही हसला, डोळ्यात पाणी होतं तरी. त्या दिवसापासून ती त्याची ताई झाली. तवापासून मी त्याचा दाजी. पुढच्या राखीले तो खरंच तांड्यावर आला, बसनं, हातात नारळ घेऊन. तांड्यातले लोक मले म्हणत, "काका, तुमचे साळे सरकारी हाय बा, आता तुमाले कोण बोलन?"

पंज्याले पट्टी बांधून झाल्यावर तो मले म्हणे, "दाजी, या नळ्या थंड कराले काई इलाज हाय काय? साहेब म्हणते थांबू नका, अन् नळी म्हणते थांब."

आमचे लोक मूळचे लदेणीवाले. बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडणारे. उन्हातल्या वाटेवर पाणी थंड कसं ठेवायचं ते आमच्या रक्तात आहे. मडक्याले ओलं पोतं गुंडाळायचं अन् मडकं वाऱ्याच्या तोंडाशी ठेवायचं. थंडावा पाण्यात नसते. पोतं सुकते तवा थंडावा येते. मी म्हणलं, मडक्याले जे चालते ते नळीले काहून चालणार नाही?

दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या दुबेळक्या, म्हणजे टोकाले दोन फाटे असलेल्या, फांद्या तोडून नेल्या. जमिनीत गाडल्या, वरून आडवा वासा बांधला. त्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, मांडव घातला, पण वाऱ्याची बाजू उघडी ठेवली. रायफल मारून आली की पह्यले गोळी नाही ना ते पाहायचं. तापल्या नळीत गोळी ठेवत नाहीत, ती बोट न लावता सुटू शकते. ते उस्तादचं काम. मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं झाकण, उघडा करून रायफल बेळक्याले उभी टेकवायची, तोंड आभाळाकडं. आतली गरम हवा वर निघून जाते, खालून थंड हवा शिरते, चुलीच्या धुराड्यासारखं. जमिनीवर आडवी ठेवली तर जमीनच तिले आणखी तापवते. मग जुन्या धोतराची पट्टी भिजवून, पिळून, नळीचा जो भाग लाकडाबाहेर उघडा आहे तेवढ्यालेच गुंडाळायची. पिळायची अशी, की एक थेंब गळला नाही पाहिजे. लाकूड भिजलं तर फुगते अन् नळीले दाबते. तोंडाजवळची चार बोटं कोरडीच ठेवायची, तिथून पाणी आत उतरते म्हणून. पट्टी कोमट झाली की बदलायची. शेवटी कोरडी चिंधी आतून फिरवायची, अन् मग नळीवर पंजा ठेवायचा. दहा म्हणेस्तोवर पंजा टिकला तर रायफल द्यायची. नाही टिकला तर नाही द्यायची, मग सामने साहेब असो का त्याचा बाप.

उस्तादनं त्यात आपली अक्कल घातली, ते नाकारत नाही. त्यानं दहा रायफलींच्या दोन पाळ्या केल्या. पाच मारणार, पाच बेळक्यावर. भोकं जवळजवळ पडू लागली, नापासांचा निशाणा दुसऱ्यांदा घ्यायचं वाचलं, म्हणून वेळ तेवढाच लागला. त्या वर्षी पास झालेले शिपाई जास्त होते. साहेबानं उस्तादची पाठ थोपटली. उस्तादनं माह्याकडं पाहून डोळा मारला. मले तेवढं पुरे होतं. खोटं कायले बोलू, त्या दिवशी मी गाडीवर उभा राहून घरी आलो.

आता मिठाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं आहे.

दुसऱ्या वर्षी मारलेल्या गोळीची एक रिकामी पुंगळी कमी भरली. तिथं पुंगळ्या मोजून घेतात, एकही इकडंतिकडं चालत नाही. पह्यले कोणाची झडती घेतली असन? आम्हा मजुरांची. माहं धोतर सोडायले लावलं, साठ शिपायांच्या सामने. पुंगळी सापडली एका शिपायाच्या बुटात. आठवण म्हणून घरी नेणार होता म्हणे. मी बैल सोडले अन् घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी उस्ताद तांड्यावर आला.

"दाजी, चूक झाली. चला."

"नाई येत."

"नळ्या तापून राह्यल्या."

"तापू दे. मले चोर ठरवून धोतर सोडायले लावलं तुमी."

"मी म्हणलो काय चोर?"

"तू चुप होता. ते वेगळं हाय काय?"

तो ओट्यावर बसला. घरवालीनं चहा दिला, तोही थंड झाला. मग मी म्हणलं, आमच्या तांड्यात शब्द द्यायची एक रीत आहे. लोट्यात पाणी घ्यायचं, त्यात मीठ टाकायचं, शब्द बोलायचा, अन् अर्धं त्यानं प्यायचं, अर्धं यानं. शब्द मोडणारा त्या मिठासारखा विरघळून जाते. माह्या बा च्या वेळी बैलांचे सौदे असेच होत, कागद कोणाजवळ होता? अन् त्या रितीत आणखी एक गोष्ट आहे. ज्या दोघांनी मीठ-पाणी पेलं, त्यातल्या एकावर आळ आला तर त्यानं स्वतःसाठी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्यानं बोलायचं. आपल्यासाठी तर चोरही बोलते. मीठवाल्याच्या बोलण्याले वजन असते.

उस्तादनं सगळं ऐकलं. म्हणे, "आणा लोटा."

तांड्याचा मुखिया म्हणजे नायक, त्याच्या ओट्यासमोर, चार लोकांत, तो बोलला, "चांदमारीवर जे माह्या डोळ्यानं दिसन ते जसंच्या तसं सांगीन. दाजीवर खोटा आळ येऊ देणार नाई." अन् तोंड वाकडं न करता अर्धा लोटा पेला. माह्या घरवालीनं मीठ जरा जास्तच टाकलतं.

"ताई, मारता काय मले!"

"जास्त मीठ, जास्त पक्कं," ती म्हणे.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं आमचं काम चाललं. साहेब बदलले, तंबू बदलले, उस्ताद अन् मी तेच. त्याले पोरगी झाली तवा बारशाले माही घरवाली आत्या म्हणून गेलती. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मांडवाच्या बेळक्या मी दर वर्षी नव्या घालो. पट्ट्या घरवाली शिवून दे. नवे शिपाई मले हसत, "बाबा रायफलीले अंगडं घालून राह्यले." मी म्हणो, "हो, अन् तुले नेम येईस्तोवर तिले ताप आलेला हाय." मग त्यांचे निशाणे लागत अन् तेच पोट्टे जाताना पाया पडत.

सहा वर्षांमागची गोष्ट. शेवटचा दिवस होता. मोठा साहेब दुपारी बारालेच येणार अन् त्याच्यासमोर सगळ्यांचा निशाणा होणार. त्या वर्षी दहातल्या तीन रायफली आधीच बिघडून पेटीत पडल्यात्या. राह्यल्या सात, अन् शिपाई सत्तरच्या वर. दोन पाळ्या जमतच नव्हत्या. ऊन असं, की माहे बैल सावली सोडायले तयार नव्हते. उस्ताद सकाळपासून पाणीही पेला नव्हता. त्याच्या नोकरीची थोडी वर्षं राह्यलती अन् एक बढती अडून होती, ते मले मालूम होतं. त्याच्या मनावर काय होतं ते मी समजू शकतो. समजणं अन् माफ करणं, दोन कामं आहेत.

मोठ्या साहेबाची गाडी धूळ उडवत दिसली. एक रायफल सरावात नुकतीच मारून आलती. मी नळीवर पंजा धरला. तीन म्हणायच्या आत हात काढावा लागला.

"दाजी, द्या ती."

"नाई. पट्टी लावतो. थोडं थांब."

"येळ नाई दाजी, साहेब आलाच!"

"मग साहेबाले सांग, लोखंड कोणाच्या बढतीसाठी थंड होत नसते."

हे मी बोलायले नको होतं. त्याचा चेहरा पडला. त्यानं माह्या हातातून रायफल ओढली. बोल्ट बंद केला. मी आणलेल्या बादलीतून पाण्याचा मगा भरला अन् नळीच्या तोंडातून सरळ आत ओतला. फस्सकन आवाज झाला, वाफेचा लोट निघाला. मी वरडलो, "अबे, काय करतं! बोल्ट उघड, उलटी कर, चिंधी फिरव!" त्यानं एकदा तोंड खाली करून हिसका दिला, थोडं पाणी पडलं, अन् तशीच रायफल घेऊन पळाला. चिंधी माह्या हातात राह्यली. शिपाई सगळे साहेबाकडं तोंड करून सावधान उभे होते. पाह्यलं ते आम्ही दोघांनीच.

साहेबासमोर टोळी आडवी झाली. पह्यल्याच गोळीले त्या रायफलीचा आवाज बसका आला, ओल्या ढोलकीसारखा. मले तिथंच समजलं. ज्या शिपायाच्या हातात ती होती तो खांदा धरून बसला, घाबरला होता, पण देवाची दया, लागलं काही नव्हतं. नळी तोंडापासून चार-पाच बोटांवर फुगलती. सापानं बेडूक गिळल्यावर दिसतो तसा गोळा. आत पाणी राह्यलं, गोळी त्याच्यावर जाऊन धडकली अन् लोखंडानं जागा दिली.

तिसऱ्या दिवशी चौकशीले मले बोलावलं. माह्याच मांडवाखाली टेबल लावलतं. मोठा साहेब खुर्चीवर, उस्ताद बाजूले सरळ उभा. टेबलावर ती रायफल. मी धुतलेलं धोतर नेसून गेलतो, लाल फेटा बांधलता. मले बिलकूल भेव नव्हतं. मीठ पेलेला माणूस समोर उभा होता.

साहेब म्हणे, "नळीत पाणी कोणी ओतलं?"

मी उस्तादकडं पाह्यलं अन् चुप राह्यलो. त्यानं बोलायचं होतं. रीतच ती.

उस्ताद समोरच्या टेकडीकडं पाहून बोलला, "सर, हा पाणीवाला हाय. अडाणी माणूस. नळ्या थंड करतो म्हणे, अन् मी तिकडं लाईनवर होतो."

दाजी नाही. हा पाणीवाला.

मी तसाच उभा. मांडवातून एक पऱ्हाटीची काडी पडली, ती टेबलावर पडली, हे मले आजही दिसते. साहेब वाईट नव्हता. त्यानं मले दोनदा विचारलं, "बाबा, तुम्ही ओतलं का? घाबरू नका, काय ते सांगा." माह्या तोंडात जीभ होती. पण बा नं मले एवढंच सांगतलं होतं, की मीठवाल्याच्या आधी बोलू नको. मीठवाला खोटं बोलला तर पुढं काय करायचं, ते त्यानं सांगतलंच नव्हतं. त्यालेही मालूम नसन. त्याच्या जन्मात तसं झालंच नसन. मी उस्तादच्या तोंडाकडं पाहत राह्यलो, की आता फिरन, आता म्हणन, सर, चूक झाली. त्याच्या डाव्या पंज्यावर त्या जुन्या भाजण्याचा डाग होता. तो त्यानं मुठीत बंद केला.

साहेब म्हणे, "ठीक आहे. कोणाला लागलं नाही, म्हणून सोडतो. यापुढे इथे यायचं नाही."

मी ड्रम तिथंच टाकून आलो. माहा होता तरी.

घरवालीले सगळं सांगतलं. ती भाकर थापत होती, थांबली.

"तोंड काहून नाई उघडलं?"

"मीठ पेलं होतं."

"मीठ त्यानंबी पेलं होतं."

"म्हणूनच त चुप राह्यलो."

तिनं तव्यावरची भाकर पलटली नाही. भाकर करपली. माह्या सगळ्या संसारात तिच्या हातची करपलेली भाकर तेवढी एकच.

तांड्यात बातमी माह्या आधी पोचलती. नायकानं विचारलं, "खरं काय?" मी म्हणलं, "ज्यानं तुमच्या ओट्यासमोर मीठ पेलं, त्याले विचारा. मी माह्या तोंडानं सांगणार नाई." नायक म्हणे, "अरे तो कायले येते आता?" मी म्हणलं, "तो येईन." लोकांले वाटलं बुढ्याजवळ सांगायलेच काही नाही. मग सुरू झालं. बस-थांब्यावरच्या टपरीत चहा घेतला की कोणीतरी म्हणे, "काका, गरम हाय, पाणी ओतू काय?" लग्नात आचारी म्हणे, "कढईपासून काकाले दूर ठेवा बे." फुलसावंगीच्या बाजारात एक ओळख नसलेला माणूस दुसऱ्याले सांगत होता, "हेच ते, नळीवाले." पायाले काटा टोचला तर काढता येते. हे काढताही येत नव्हतं, कारण काढणारा दुसरा होता. त्या राखीले तो आला नाही. घरवालीनं राखी आणलती, ती देवाच्या फोटोले बांधली.

दोन वर्षांनी मी माहा ड्रम आणायले गेलतो. शिपायांचे तंबू लागलेलेच होते. मांडव उभा होता. नव्या बेळक्या, लोखंडाच्या. रायफली तोंड वर करून उभ्या, उघड्या नळीले ओल्या पट्ट्या, तोंडाजवळ चार बोटं कोरडी. एक नवा, जवान उस्ताद होता. मी विचारलं, "हे कोणी शिकवलं जी?" तो मोठ्या आदबीनं म्हणे, "आमच्या जुन्या उस्तादांची पद्धत आहे बाबा. त्यांनीच शोधली. आधी एक पाणीवाला होता, त्यानं नळीत पाणी ओतून रायफल फोडली होती, तेव्हापासून इथं नियम कडक आहेत." मांडवाच्या खांबावर पाटी होती, 'नळीत पाणी ओतू नये'. मी ती एकेक अक्षर लावून वाचली. ड्रम गाडीत टाकला अन् आलो. चोरी तर मी समजू शकतो, माणूस चोरते. पण माहं काम आपल्या नावावर अन् आपलं पाप माह्या नावावर, अशी अदलाबदल मी कोणत्या बाजारात पाह्यली नव्हती.

तरी मी वाट पाह्यली. हट्ट म्हणा. घरवाली म्हणे, "तूच सांगून मोकळा होय ना." मी म्हणो, "मग त्या लोट्याचा काय मतलब राह्यला?"

यंदा चैतात तो आला. दुपारची वेळ, मोटरसायकलवर, मागं पिशवी. नोकरीतून उतरला आहे आता. पोट सुटलं, मिशा पूर्ण पांढऱ्या. अंगणात उभा राह्यला अन् म्हणे, "राम राम दाजी."

सहा वर्षांनी तो शब्द ऐकला. मी खाट सावलीत ओढून दिली.

पोरीचं लग्न जमलं होतं. पत्रिका घेऊन आलता. पोरगी म्हणते आत्या पाहिजे. घरवाली आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्याजवळ ठेवला अन् परत आत गेली. त्यानं पाणी पेलं. मग खाली मान घालून म्हणे, "दाजी, ते मीच ओतलं होतं. मले मालूम हाय."

"मालूम त मलेबी हाय. मले सांगून काय करतं?"

"मग काय करू?"

मी उठलो. घरातून तोच पितळी लोटा आणला, पाण्यानं भरला, मीठ टाकलं, हातानं ढवळलं. त्याच्यासमोर ठेवला.

"चाल नायकाच्या ओट्यावर. चार लोक बोलावतो. जे मले सांगतलं ते तठी सांग. बस, एकदा. मग अर्धं तू पे, अर्धं मी पेतो. लग्नाले माही घरवाली पाच दिवस आधी येईन. मी मांडव घालीन."

त्यानं लोटा पाह्यला. अंगणात माहा म्हातारा बैल रवंथ करत होता.

"दाजी, पेन्शनचे कागद अजून पुरे झाले नाई. कोणी वर कळवलं त..."

"तांड्यातून कोण कळवते?"

"अन् पोरीच्या सासरचे लोक याच भागातले हाय. त्यायच्या कानावर गेलं त? आता झालं गेलं दाजी. तुमाले काय नोकरी हाय, का बढती हाय? तुमचं काय बिघडलं?"

तोवर मी त्याच्यावर रागावलेला होतो. त्या वाक्यानंतर राग गेला. त्याले खरंच वाटत होतं, की माहं काही बिघडलं नाही. पाणीवाल्याजवळ बिघडायले काही असते, हे इतकी वर्षं माह्या घरी जेवून त्याले समजलं नव्हतं.

मी म्हणलं, "लोटा तुह्यासमोर हाय."

त्यानं पत्रिका ओट्यावर ठेवली, तिच्यावर पेढ्याचा पुडा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आतल्या दाराकडं पाहून म्हणे, "ताई, येतो." आतून भांड्यांचा आवाज आला. मोटरसायकल दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली. लोट्याले त्यानं हातही लावला नाही.

मी घरवालीले विचारलं, "लग्नाले जायचं काय तुले? तुहा भाऊ हाय, मी अडवत नाई."

ती म्हणे, "पोरीले साडी पाठवीन. मी नाई जात."

मग त्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न. शब्दाचं पाणी फेकत नाहीत. एकट्यानं पेत नाहीत. मी लोटा घेऊन अंगणात उभा. बैलानं मान लांब केली. बैलांले मिठाचं पाणी फार आवडते. मी लोटा त्याच्या तोंडाशी धरला, त्यानं खळखळ सगळं पेलं अन् लोट्याचा काठही चाटला.

त्या दिवशी तो शब्द संपला. अर्धं त्याचं, अर्धं माहं, दोन्ही बैलाच्या पोटात. आता मी बोललो तर रीत मोडत नाही. संध्याकाळी नायकाच्या ओट्यावर जाऊन मी उभ्यानं सगळं सांगतलं. काहींनी मान हलवली, काहींनी एकमेकांकडं पाह्यलं. एक जण म्हणे, "काका, आता सहा वर्षांनी?" त्याचंही बरोबर आहे. म्हणून फुलसावंगीहून ही वही आणली. चार लोकांनी नाही मानलं तर पाचवा वाचन.

चांदमारीवर नळीत पाणी मी ओतलं नाही. मी पट्टी पिळून बांधो. तोंडाजवळची चार बोटं कोरडी ठेवो.